पांखरांची शिरगणती

माणसांची खानेसुमारी ही आपल्याला नवीन गोष्ट नाहीं. वऱ्हाडांत ती १८६७ सालींच झाली होती, आणि साऱ्या हिंदुस्थानांत १८७२ पासून तिला आरंभ झाला. गाई, म्हशी, बैल, शेळ्या यांचीहि मोजदाद १९१९ पासून होत आली आहे. माणसें कां मोजावयाचीं, हें कोणासहि समजतें. शाळा किती हव्यात, दवाखाने किती हवेत, धान्य किती लागेल, हें त्यावांचून ठरत नाहीं. गुरेंहि मोजलींच पाहिजेत, कारण तीं कोणाच्या तरी मालकीचीं असतात. परंतु आकाशांतून उडणाऱ्या पांखरांची शिरगणती करावयास कोणी निघाला, म्हणजे पुष्कळांना हसूं येतें. पांखरें एका ठिकाणीं बसत नाहींत, नांव विचारलें तर सांगत नाहींत, आणि त्यांच्यावर ना कर बसतो, ना त्यांना शिधापत्रिका मिळते. मग हा खटाटोप कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर देण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. त्यासाठीं फार दूर जावयास नको. अमरावती-अकोल्याच्या मुलुखांतच त्याचे पुरावे आपल्याला सांपडतात.

प्रथम या उद्योगाचा उगम पाहूं. अमेरिकेंत एके काळीं नाताळच्या दिवशीं बंदुका घेऊन दोन तुकड्यांनीं रानांत शिरावें, आणि जी तुकडी अधिक पशुपक्षी मारील ती जिंकली असें मानावें, असा एक खेळ असे. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानें १९०० सालीं आपल्या मासिकांतून असें सुचविलें कीं, या सणाला पांखरें मारण्याऐवजीं तीं मोजावींत. त्या वर्षींच्या नाताळांत २७ माणसांनीं २५ ठिकाणीं जाऊन सुमारें ९० जातींच्या पक्ष्यांची नोंद केली. शांतीच्या सणाला शोभेल असाच हा पालट होता. ती प्रथा आजतागायत चालू आहे, आणि आतां तींत हजारों माणसें भाग घेतात. यांतले फारच थोडे शास्त्रज्ञ असतात. शिक्षक, कारकून, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी, अशीं हीं सर्व माणसें आपल्या फुरसतीचा वेळ देतात व मोबदला कांहीं मागत नाहींत.

आपल्या देशांत पक्षिविद्येचें कार्य करणारी जुनी संस्था म्हणजे मुंबईस १८८३ सालीं स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होय. आशिया खंडांतील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारींत होत आली आहे, व भारतांतील स्वयंसेवकांची जुळवाजुळव या संस्थेनें केली आहे. दुसरी गणना फेब्रुवारींत चार दिवस असते. ती अमेरिकेंत १९९८ सालीं घराच्या परसांतील पक्षी मोजण्यापासून निघाली आणि २०१३ सालीं सर्व जगाला खुली झाली. त्याच वर्षापासून भारतीय पक्षिमित्र तींत सामील झाले. याच चार दिवसांत शाळा-महाविद्यालयांनीं आपापल्या आवारांतील पक्षी मोजावे अशीहि एक प्रथा आपल्याकडे पडली आहे. शिवाय महाराष्ट्रांत ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. चितमपल्लींच्या आयुष्याचा मोठा भाग विदर्भाच्या वनांत वनाधिकारी म्हणून गेला. मराठींत पक्ष्यांचा कोश रचून त्यांनीं आपल्या भाषेला कायमचें ऋणी करून ठेवलें. जून २०२५ मध्यें ते निवर्तले.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. हा मुलूख कापसाचा व काळ्या मातीचा. येथें पांखरें तीं किती असणार, असें परक्याला वाटेल. परंतु अमरावतीस वडाळीचा तलाव व छत्री तलाव आहेत, शहराला लागून पोहरा-मालखेडचें रान आहे, आणि मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. अकोलेकरांना पातूर रस्त्यावरील कापशीचा तलाव, कुंभारीचा तलाव व महानचें काटेपूर्णा धरण हीं ठाऊक आहेतच. उत्तरेस मेळघाटचे सागवानी डोंगर पसरले आहेत. हिंवाळा लागला कीं या पाण्यांवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे उतरतात. पट्टकादंब नांवाचा हंस तिबेट, लडाख, मंगोलिया अशा उंच प्रदेशांतून हिमालय ओलांडून खालीं येतो. ज्वारी दाण्यावर आली म्हणजे भोरड्यांचे थवेच्या थवे शेतांवर तुटून पडतात, व राखणदाराच्या गोफणीला उसंत मिळत नाहीं; या भोरड्या मध्य आशियांतून आलेल्या असतात. आपल्या तळ्यांतील पाणी आटलें किंवा जलपर्णीनें झांकून गेलें, तर त्याचा परिणाम केवळ आपल्यापुरता राहत नाहीं. हजारों कोस दूर असलेल्या घरट्यांपर्यंत तो पोहोंचतो.

हीं पांखरें मोजावयाचीं कशीं? रीत सोपी आहे. मात्र ती नेमानें पाळावी लागते. एक जागा निवडावी, आणि सकाळीं, पांखरें चारा शोधूं लागतात त्या सुमारास, तेथें जावें. बरोबर वही व पेन्सिल असावी. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाहीं. प्रथम तारीख, जागा व आरंभाची वेळ लिहावी. निदान पंधरा मिनिटें तरी पाहावें, व थांबण्याची वेळहि टिपावी. चालत असल्यास किती अंतर चाललों तें लिहावें. एक तास पाहणाऱ्याला दहा मिनिटें पाहणाऱ्यापेक्षां अधिक पांखरें दिसणारच. म्हणून श्रम किती केले हें कळल्यावांचून दोन आंकड्यांची तुलना करतां येत नाहीं.

दुसरा नियम असा कीं, जीं ओळखलीं तीं सर्व लिहावींत. नवशिक्याला सुंदर व दुर्मिळ पक्षीच लिहावेसे वाटतात. कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा यांना तो वहींत घेत नाहीं. परंतु शास्त्राच्या दृष्टीनें कावळ्याचें मोल नीलपंखापेक्षां कमी नाहीं. आज जें विपुल आहे तें उद्यां विरळ होऊं लागलें, तर तें कळणार कसें? आजच्या वहींत त्याची संख्या असेल तरच. दिसलें नाहीं, तर तेंहि आपोआप कळतें. संपूर्ण यादींत ज्याचें नांव नाहीं, तें त्या वेळीं तेथें दिसलें नाहीं, असा तिचा अर्थ होतो.

तिसरा नियम, एकच पांखरूं दोनदां मोजूं नये. एका जागीं बसून पाहतांना समोरच्या बाभळीवर प्रथम तीन बुलबुल आले, ते उडाले, आणि मग चार आले, तर सात लिहूं नयेत. एका वेळीं अधिकांत अधिक जितके दिसले, म्हणजे चार, तितकेच लिहावे. मोठा थवा असेल तर एकेक मोजणें अशक्य होतें. अशा वेळीं थव्याच्या एका कडेचीं दहा पांखरें नीट मोजावींत, त्यांनीं किती जागा व्यापली तें डोळ्यांत भरून घ्यावें, आणि तेवढा भाग साऱ्या थव्यांत किती वेळां बसेल त्याचा अजमास करावा. तीस वेळां बसला तर सुमारें तीनशें. सरावानें हा अजमास पुष्कळ बरोबर येऊं लागतो.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. ओळख पटली नाहीं तर नांव लिहूं नये. "एक बदक, जात कळली नाहीं" एवढें लिहिणें ही अप्रतिष्ठा नव्हे. याखेरीज घरट्याजवळ जाऊं नये, दगड मारून थवा उठवूं नये, व मोठ्यानें बोलूं नये, हें सांगावयास नकोच. हल्लीं हीं टिपणें भ्रमणध्वनीवरून ई-बर्ड नामक जागतिक नोंदवहींत पाठवितां येतात. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेनें ती २००२ सालीं सुरू केली. अमरावतीच्या विद्यार्थ्यानें लिहिलेल्या पांच ओळी तींत मोठमोठ्या विद्वानांच्या नोंदींशेजारीं जाऊन बसतात.

येथें एक शंका येईल. हौशी माणसें व शाळकरी मुलें यांच्या मोजणींत चुका असणारच. मग त्या आंकड्यांना अर्थ काय? शंका रास्त आहे. परंतु या मोजणीचा उद्देश तळ्यांतील शेवटचें बदक मोजावें हा नसून, यंदां गेल्या वर्षापेक्षां कमी कीं अधिक, हें जाणावें हा असतो. कापूस-बाजारांतील अडत्या गाडींतला सर्व कापूस उपसून पाहत नाहीं; चार ठिकाणचा मूठमूठ कापूस काढून तो प्रत ठरवितो. तसाच हा नमुना. तीच जागा, तोच महिना, तीच वेळ व तीच रीत दरवर्षीं पाळली, तर मोजण्यांत होणारी चूकहि दरवर्षीं साधारण सारखीच राहते, आणि दोन वर्षांची तुलना खरी ठरते. शिवाय एकाची चूक दहा जणांच्या नोंदींपुढें उघडी पडते. म्हणून अशा कामांत एका पंडिताच्या एका दिवसापेक्षां शंभर साध्या माणसांचीं दहा वर्षें अधिक मोलाचीं ठरतात.

आतां आम्हीं आरंभीं ज्या पुराव्यांचा उल्लेख केला, त्यांकडे येऊं. पहिला पुरावा गिधाडांचा. आमच्या वडील पिढीला आठवत असेल कीं, गांवाबाहेर मेलेलें गुरूं टाकलें, म्हणजे पाहतां पाहतां आकाशांतून गिधाडें उतरत व थोड्याच वेळांत केवळ हाडें शिल्लक राहत. तो इतका नित्याचा देखावा होता कीं, हीं गिधाडें मोजावींत असें कोणाच्या मनांतहि येऊं नये. तथापि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या लोकांनीं १९९१ ते १९९३ या काळांत देशांतील अनेक रस्त्यांनीं मोटारीनें जात असतां शिकारी पक्ष्यांबरोबर गिधाडेंहि मोजून ठेवलीं. पुढें राजस्थानांत भरतपूरच्या अभयारण्यांत गिधाडें मरत असल्याचें दिसून आलें, तेव्हां त्याच रस्त्यांनीं पुन्हां मोजणी झाली. २००७ सालापर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ च्या मानानें हजारांस एक इतकी उरली होती. लांब चोंचीचीं गिधाडें शंभरांस तीन एवढीं राहिलीं होतीं. इतक्या वेगानें एखाद्या विपुल पक्ष्याचा ऱ्हास झाल्याचीं उदाहरणें जगांत फार थोडीं आहेत.

याचें कारण २००४ सालीं उघडकीस आलें. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नांवाचें औषध देत असत. तें दिलेलें जनावर मेलें व त्याचें मांस गिधाडानें खाल्लें, म्हणजे गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन तें थोड्या दिवसांत मरे. २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं या औषधाच्या वापरावर बंदी घातली. आतां विचार करा. १९९१ च्या त्या वह्या नसत्या तर? लोक म्हणाले असते, "पूर्वीं गिधाडें पुष्कळ असत बुवा," आणि तेवढ्यावरच गोष्ट संपली असती. आठवण ही न्यायासनापुढें उभी राहत नाहीं; आंकडा उभा राहतो. ज्यांनीं ती विपुलता मोजली, त्यांना आपण एका संकटाचा पुरावा लिहून ठेवीत आहों याची कल्पनाहि नव्हती.

दुसरा पुरावा आपल्या मेळघाटचा. रानपिंगळा हें एक लहानसें घुबड आहे. आकारानें तें गांवांतील पिंगळ्याएवढेंच. पण डोक्यावर पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहींत, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे आहेत, आणि भर दिवसा झाडाच्या उघड्या शेंड्यावर बसण्याची त्याला संवय आहे. १८७२ सालीं हल्लींच्या छत्तीसगडांतील बसना येथें त्याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्या वर्षीं ए. ओ. ह्यूम यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेंत पुढें ज्यांचा पुढाकार होता तेच हे ह्यूमसाहेब. खानदेशांतूनहि कांहीं नमुने मिळाले. १८८४ नंतर मात्र तो कोणास सांपडला नाहीं, आणि हळूहळू तो पृथ्वीवरून नाहींसा झाला असें मानण्यांत येऊं लागलें.

या कथेंत एक दुःखद प्रकरण आहे. रिचर्ड माइनर्त्झहागेन या नांवाजलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहांत एक रानपिंगळा होता, व तो आपण १९१४ सालीं गुजराथेंतील मांडवी येथें मिळविला अशी चिठ्ठी त्याला बांधलेली होती. ती चिठ्ठी अनेक वर्षें लोकांनीं खरी मानली, व तिच्यामुळें शोधाची दिशा चुकली. अखेर अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञा पामेला रासमुसेन यांनीं बारकाईनें तपासून दाखविलें कीं, तो नमुना ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेला, पुन्हां नव्यानें भरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला होता. मूळचा तो खानदेशांतला. त्या खोट्या नोंदीस बाजूला सारून रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागानें निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळच्या रानांत भर उजेडांत बसलेला रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षें लोटलीं होतीं. त्यानंतर शोध घेतां तो मेळघाटांतहि आढळला, आणि आज मेळघाट हें त्याचें एक मुख्य आश्रयस्थान समजलें जातें. मेळघाटांतील कोरकूंच्या पाड्यांजवळ तो बसत असेल, ओरडत असेल. परंतु पाहून लिहून ठेवणारा कोणी नव्हता, म्हणून जगाच्या लेखीं तो मेलेला होता.

हीं दोन उदाहरणें एकमेकांशेजारीं ठेवून पाहावींत. गिधाडें डोळ्यांदेखत नाहींशीं होत होतीं, आणि तें कळलें तें मोजल्यामुळें. रानपिंगळा जिवंत असतां मृत गणला गेला तो न शोधल्यामुळें. आणि त्याचा शोध रखडण्यास एका प्रतिष्ठित माणसाचें असत्य कारणीभूत झालें. म्हणून आम्ही म्हणतों कीं, पक्षिगणनेंत तीक्ष्ण दृष्टीपेक्षांहि खरेपणाची गरज अधिक आहे. मित्रांवर छाप पाडण्यासाठीं न पाहिलेला एक पक्षी वहींत घालणें ही क्षुल्लक लबाडी वाटते; पण पुढें कोणी तरी त्या ओळीवर विसंबून चालणार असतो.

या सामुदायिक परिश्रमाचें फळ काय, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. तो तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारें तीन कोटि नोंदींवर आधारलेला होता, व त्यांत ९४२ जातींचा विचार केलेला होता. ज्या ३३८ जातींची दीर्घकालीन स्थिति ठरवितां आली, त्यांपैकीं शेंकडा ६० जातींत घट दिसून आली. सर्वच चित्र काळें नाहीं. मोर व कोकिळ वाढले आहेत. परंतु दसऱ्याच्या दिवशीं ज्याचें दर्शन शुभ मानतात, तो आपला नीळकंठ, म्हणजेच नीलपंख किंवा चास, इतका घटला आहे कीं, जगांतील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीसाठीं त्याची स्थिति पुन्हां तपासावी अशी शिफारस अहवालकर्त्यांनीं केली. सीमोल्लंघनाला निघालेल्यांना उद्यां तो तारेवर बसलेला दिसेल कीं नाहीं, हा आतां प्रश्न झाला आहे.

शिवाय हें काम केवळ शहरी शिकलेल्यांचें नव्हे. अकोला व वाशीम या जिल्ह्यांतील गवताळ माळांवर पावसाळ्यांत तणमोर येतो. नर गवतांतून पुन्हां पुन्हां उंच उडी घेऊन मादीला आपलें अस्तित्व कळवितो. त्याची चाहूल ओळखण्यांत फांसेपारधी समाजाची बरोबरी कोणीहि करूं शकणार नाहीं. ज्यांच्या पूर्वजांनीं फांसे लावून पोट भरलें, त्यांच्यांतील कांहीं गांवकरी या भागांत आतां माळ राखण्यांत व तणमोराचें रक्षण करण्यांत पुढें आले आहेत. नाताळची बंदूक टाकून पेन्सिल हातीं घेण्याची जी गोष्ट आम्हीं वर सांगितली, तिचेंच हें वऱ्हाडी रूप होय, आणि तें अधिक कठीण. कारण बंदूकवाल्याची ती करमणूक होती, पारध्याची ती भाकरी होती.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला मेळघाटांत किंवा मोर्शीस जाणें नेहमींच साधणार नाहीं. पण शाळेच्या आवारांत लिंबाचें एखादें झाड, पाण्याच्या टाकीजवळ एखादी ओल व कुंपणापलीकडे एखादें पडीत शेत असतेंच. दर महिन्याच्या एका ठरलेल्या सकाळीं, प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीं, चौघांनीं मिळून पंधरा मिनिटें तेथें उभें राहावें, व जें दिसेल तें तेवढेंच लिहावें. वर्ष संपलें म्हणजे ती वही खालच्या वर्गाच्या हातीं द्यावी. पहिल्या वर्षीं ती निरस वाटेल. तींत साळुंक्या व कावळे यांशिवाय फारसें कांहीं नसेल. दहा वर्षांनीं मात्र या आवारांत काय होतें, काय राहिलें व काय गेलें, हें खात्रीनें सांगूं शकणारी दुसरी वस्तु गांवांत क्वचितच असेल.